जोर पहिल्या अक्षरावर

२ जून १९९८, मंगळवार

चार वाजता नवीन रुग्ण आला. फाईल आधी उघडून बघितली नव्हती. सकाळपासून तिघे झाले होते आणि दुपारी, ऐन हिवाळ्यात, हीटर बंद पडला, त्याच्याशी झटापट चालली होती. दार वाजलं. चाळिशीची एक बाई आणि तिच्या दंडाला धरून एक उंच म्हातारा. उजवा पाय फरपटत होता, उजवा हात पोटाशी. कोट इस्त्रीचा. टायची गाठ बारीक, घट्ट, गळ्याच्या बरोबर मधोमध.

त्या गाठीवरून ओळखला. मग फाईल उघडली. ओनोरिओ बार्सेना, वय सत्तर, निवृत्त मुख्याध्यापक. एप्रिलमध्ये मेंदूत गुठळी. ऐकलेलं बरंचसं कळतं, बोलता येत नाही.

"बाबा, ह्या निमियाबाई," मुलगी म्हणाली. तिचं नाव मिर्ता. "ह्या तुम्हाला परत बोलायला शिकवणार."

"बघू," तो म्हणाला. "बघू, बघू."

"एवढंच उरलंय हो बाई. भूक लागली तरी बघू, दुखलं तरी बघू. परवा फादर आले होते, त्यांनाही बघूच."

तो 'बघू' मला ठाऊक आहे. वर्गात बाकांमधून फिरताना कुणाच्या तरी मानेमागे थांबायचा आणि म्हणायचा. बघू, बघू, आता यापुरा काय म्हणते.

त्यानं मला ओळखलं नाही. दारावरच्या पाटीवर यापुरा हे आडनाव आहे माझं. त्याकडे बराच वेळ बघत राहिला, पण चेहऱ्यावर काही हललं नाही.

राजधानीतल्या मोठ्या दवाखान्यात पाठवता आलं असतं. बसनं दोन तास. मी मिर्ताला म्हटलं, मंगळवार आणि गुरुवार, चार वाजता.

४ जून

एकदाच लिहून टाकते.

आम्ही डोंगरातल्या लास पिरकासच्या. शाळा खाली, सांता रूफिनात, सगळ्या इयत्ता एकाच खोलीत. थोरली बहीण दोमी अकराची, मी आठची. 'आपण जाऊ या' ह्याला पुस्तकात वायाऽमोस म्हणतात, जोर मधल्या अक्षरावर. आमच्याकडे आई, आजी, शेळ्या हाकणारे, झाडून सगळे वाऽयामोस म्हणायचे, जोर पहिल्यावर. त्या दुपारी डोंगरावर काळं भरून आलं होतं. गारा आल्या की ओढा चढतो आणि वाट बंद होते. म्हणून दोमीनं हात वर केला आणि विचारलं, "मास्तर, आता घरी जाऊ या का?" अर्थात वाऽयामोस.

"बघू, बघू. कोण बोललं ते? वर्गात शेळी शिरली की काय?"

खिळ्यावर शेळीच्या गळ्यातली घंटा टांगलेली असायची. ती त्यानं दोमीच्या गळ्यात बांधली. मग टाळ्या. वा, या, मोस, तीन अक्षरं, तीन टाळ्या, मधली मोठी, पन्नास वेळा. प्रत्येक टाळीला घंटा वाजायची. दोमी इतकी घाबरली होती की मोठी टाळी दर वेळी पहिल्यावरच पडायची. सगळा वर्ग हसत होता. घंटा गळ्यात घालूनच घरी जायचं आणि सकाळी परत आणायची, असा हुकूम झाला.

दोमी परत गेली नाही. घंटाही गेली नाही. चांगली पितळी होती, वडिलांनी शेळीला बांधली. बाराव्या वर्षी दोमी गावात धुणंभांडी करायला लागली. अजूनही दुकानातली यादी मला लिहायला सांगते.

मी शाळेत राहिले. वायाऽमोस शिकले. पुढे शहरात जाऊन ह्याच विषयाची पदवी घेतली. तिथे एका प्राध्यापकानं फळ्यावर मांडून दाखवलं: मी जावं, तू जावंस, तिनं जावं, त्यांनी जावं, ह्या सगळ्या रूपांत जोर पहिल्या अक्षरावर असतो. फक्त 'आपण' आलं की तो एक घर पुढे सरकतो. डोंगरातले लोक त्याला सरकू देत नाहीत, इतकंच. त्यात चूक अशी नाही. उलट त्यांची मांडणी जास्त सरळ.

मी वर्गातून उठले आणि जिन्याच्या पायरीवर बसून रडले. आणि तेव्हा ठरवलं होतं की हा माणूस कधी हाताशी आला तर सोडायचा नाही. घंटेच्या त्या दुपारनंतर छत्तीस वर्षांनी आला आहे, आपल्या पायांनी. म्हणजे दीड पायानं.

११ जून

बसस्टँडमागे दोमीची खानावळ, सात टेबलं. लोक्रोच्या रश्श्यासाठी भोपळा चिरत होती. मी सांगितलं कोण येतो ते.

"गिळता येतं का त्याला?" तिनं विचारलं.

"येतं."

"मग नशीबवान. शेजारच्या फेलिसाच्या आईला नळीनं द्यावं लागायचं."

"दोमी, बार्सेना म्हणतेय मी. बार्सेना मास्तर."

"ऐकलं. बहिरी नाहीये मी." सुरी थांबली नाही. जरा वेळानं म्हणाली, "बिया फेकू नकोस, भाजून घेते."

बस, इतकंच. कधीकधी वाटतं, तिचा राग मी माझ्याकडे सांभाळायला ठेवलाय आणि ती विसरूनही गेलीय.

२५ जून

पद्धत अशी: डावा हात टेबलावर ठेवायचा. मी माझा हात त्यावर ठेवून प्रत्येक अक्षराला एक ठोका देते, जोराच्या अक्षराला मोठा. ताल डोक्याच्या चांगल्या बाजूनं आत जातो आणि शब्दाला ओढून आणतो.

आऽब्लो म्हणजे मी बोलतो. आब्लोऽ म्हणजे तो बोलला. अक्षरं तीच, जोर सरकला की माणूस बदलतो आणि काळही. हा 'मी बोलतो' म्हणायला जातो आणि दर वेळी 'तो बोलला' म्हणतो. स्वतःबद्दल मेलेल्या माणसासारखं बोलतो.

आठ वेळा झालं की थांबवायचं असतं, रुग्ण थकतो. मी वीस वेळा करून घेतलं. कपाळावर घाम आला, टायच्या गाठीखाली शीर उडायला लागली. मी सौम्यपणे म्हणत होते, "पुन्हा, मास्तर. घाई नाही."

घरी येऊन पोटभर जेवले. हे लिहायला लाज वाटायला हवी. वाटत नाही.

३० जून

आज वर्ल्डकपचा सामना. चारच्या ठोक्याला सगळं गाव टीव्हीपुढे. एकही रुग्ण नाही. पेनल्टीवर जिंकलो म्हणे. मी खोली झाडून घेतली.

१४ जुलै

मिर्ता धावतच आली. गालांवर थंडीची लाली.

"बाई, शाळेला बाबांचं नाव देणार! अकरा सप्टेंबरला, शिक्षकदिनी. शिक्षणखात्याचे लोक येणार, बँड येणार. आणि त्यांची इच्छा आहे की बाबांनी दोन शब्द बोलावेत. जमेल का हो? तीनच वाक्यं लिहिलीत मी."

कागद माझ्यापुढे ठेवला. आपण सारे मिळून पुढे जाऊ या. आपल्या मनात धीर असू दे. आपण कृतज्ञ राहू या.

तिन्ही वाक्यं 'आपण'ची, तिन्ही इच्छेची. म्हणजे वायाऽमोस, तेंगाऽमोस, सेआऽमोस. ह्याच रूपांसाठी त्यानं माझ्या बहिणीच्या गळ्यात घंटा बांधली, आणि त्याच्याच मुलीनं तीच रूपं वेचून माझ्या हातात आणून दिली.

"जमेल," मी म्हटलं. "पण सरावाच्या वेळी तुम्ही बाहेर थांबायचं. घरच्यांसमोर रुग्ण बिचकतो. भाषण एकदम त्या दिवशीच ऐका."

"तुमच्या तोंडात साखर पडो," म्हणाली. बाहेर जाऊन बापाच्या गळ्याचा मफलर नीट केला.

२८ जुलै

दोन आठवडे सरळ मार्गानं प्रयत्न करून पाहिला. निदान असं म्हणता यावं म्हणून. वा, या, मोस, मधला ठोका मोठा. काही नाही. ओठ हलतात, 'वा' येतं आणि गाडी बंद पडते. मग "बघू, बघू."

आज मी मोठा ठोका पहिल्या अक्षरावर दिला. वाऽ.

"वाऽयामोस," तो म्हणाला.

पहिल्याच वेळी. अख्खा शब्द, न अडखळता, जसा काही ओठांच्या मागेच बसून होता. मी पुन्हा ठोका दिला, पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा मी हात लावायच्या आधीच म्हणाला.

मी ह्या धंद्यात एकोणीस वर्षं आहे. इतकं चटकन यश मला कुणाबरोबर आलं नव्हतं. राग असला की माणूस चांगला शिकवतो, हे मला माहीत नव्हतं.

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पक्षाघाताच्या रुग्णांना उगाचच रडू येतं, फाईलमध्ये तशी नोंद केली.

६ ऑगस्ट

तेंगामोस आणि सेआमोसही आले. दोन्हींवर जोर पहिल्या अक्षरावर, डोंगरातल्यासारखा. गाडी उतारावर लागल्यासारखी चालली आहे.

मात्र डोकं अजून ठिकाणावर नाही. आज मी घाईत आईची जुनी विणलेली शाल पांघरून गेले होते, तर माझ्याकडे बघून म्हणाला, "आई." मी म्हटलं, "मास्तर, मी निमिया." तरी "आई". मग खिडकीतून डोंगराकडे बोट. मला वाटलं, घरी जायचंय, म्हणून पाच मिनिटं आधीच सोडला. बोटाची दिशा मात्र चुकीची होती. त्याचं घर चौकात आहे.

मधूनच वाटतं, मी करतेय ते काय? ज्यानं माझ्यावर विश्वास टाकून हात टेबलावर ठेवलाय त्याला मी जाणूनबुजून चुकीचं शिकवतेय. उद्या कुणी तक्रार केली तर नोकरी जाईल. मग दोमीच्या बोटांना पडलेल्या भेगा आठवते आणि पुढचा ठोका देते.

१३ ऑगस्ट

दोन दिवस झोंडा, डोंगरावरून उतरणारा गरम वारा, वाहतोय. दारं बंद, दातांत धूळ, सगळ्यांची डोकी तापलेली. अशा हवेत मी दोमीला बेत सांगितला. चूक झाली.

"म्हणजे गावासमोर तो आपल्यासारखं बोलणार?" ती म्हणाली.

"आणि सगळे हसणार. बसलेले सगळे त्याचे जुने विद्यार्थी, नोटरी, औषधवाला, डॉक्टर. ज्यांना त्यानं घंटेच्या भीतीनं शुद्ध बोलायला लावलं तेच."

"आपल्यासारखं बोलला म्हणून हसणार."

"हो!"

"मग ते कुणाला हसणार गं निमिया?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठी करतेय."

"मी सांगितलं होतं? मला ह्यात ओढू नकोस. मी त्या दिवशी स्वयंपाकघरात असेन. मांस भरून तळायच्या चारशे एम्पानादांची ऑर्डर आहे माझ्याकडे शाळेची." पीठ मळत राहिली. "चारशे. कुणाच्या नावानं का असेनात."

१० सप्टेंबर

शेवटचा सराव. एकही चूक नाही. म्हणजे तिन्ही चुका जागच्या जागी. जाताना त्यानं डाव्या हातानं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी सोडवून घेतला.

११ सप्टेंबर, शुक्रवार

जे झालं ते क्रमानं लिहिते.

शाळेचं पटांगण भरलं होतं. पुढे खुर्च्यांवर साहेबलोक आणि मोठे झालेले विद्यार्थी, दोन्ही बाजूंना पांढऱ्या डगल्यांतली मुलं, मागे भिंतीशी उभे डोंगरातले लोक, पोंचो पांघरून. बँड झाला, तीन भाषणं झाली. त्यात 'भाषेचा पहारेकरी' हा शब्द दोनदा आला. मग मिर्तानं बापाला माईकपर्यंत नेलं. मी तिसऱ्या रांगेत कडेला होते.

तो उभा राहिला. डावा हात कोटावर, बोटांनी ठोका धरला.

"वाऽयामोस," तो म्हणाला, "सारे मिळून, पुढे."

मग मुलांपैकी एकानं फिस्स केलं. नोटरीनं तोंडावर रुमाल धरला, पण खांदे हलत होते. दुसऱ्या वाक्याला मुलं उघड हसायला लागली, तिसऱ्याला पुढच्या रांगाही. औषधवाला शेजारच्याच्या कानात म्हणाला, "शेळी शिरली वर्गात!" आणि दोघं लालबुंद झाले. छत्तीस वर्षं मी ह्याच आवाजाची वाट बघत होते.

तेवढ्यात मागून, भिंतीकडून, एक म्हातारा ओरडला, "अस्सं! अरे, मास्तर आपलाच निघाला की!" आणि डोंगरातल्या लोकांनी टाळ्या सुरू केल्या. टोप्या काढून. त्या हसण्यापेक्षा टाळ्या मोठ्या झाल्या. साहेबलोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, म्हणून तेही वाजवायला लागले.

त्याचं तोंड वाकडं झालं होतं. लकव्यानं गेलेल्या चेहऱ्यावर हसू की रडू, कळत नाही.

मी वळले. स्वयंपाकघराच्या दारात दोमी हातात परात घेऊन उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मुलं अजून हसत होती. आठ-आठ वर्षांची, पुढचे दात पडलेली. त्या वयाची पोरं कशी हसतात ते मला माहीत आहे. वर्गात सगळे हसत होते असं मी जूनमध्ये लिहिलं आहे. सगळ्यांत मी होते. मी पहिल्या बाकावर होते. घंटा वाजली की बें-बें करायची कल्पना कुणाची ते मला आठवत नाही असं मी इतकी वर्षं म्हणत आले. माझी होती.

एम्पानादा न खाता घरी आले.

१५ सप्टेंबर

चार वाजता मिर्ता एकटीच आली. खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर.

"तुम्ही मुद्दाम शिकवलंत ना?"

"हो."

खोटं बोलायची तयारी होती माझी, पण तिनं इतकं साधं विचारलं की तेवढंच तोंडातून निघालं.

"मी तक्रार लिहिलीय," ती म्हणाली. "ह्या पर्समध्ये आहे. पण आधी एक ऐका. माझी आजी, बाबांची आई, ती लास पिरकासच्याही वरची. एल अल्तोची. पाहुणे आले की बाबा तिला आतल्या खोलीत बसवायचे. तिनं तोंड उघडू नये म्हणून. मी नऊ वर्षांची असताना ती गेली. ती वाऽयामोसच म्हणायची, बाई. त्या दिवशी माईकवरून तो शब्द आला आणि मला वाटलं आजीच बोलली."

तिनं मांडीवरची पर्स सरळ केली.

"आणि शुक्रवारपासून बाबा बोलतायत. पाणी द्या, दार लावा, शेळ्या कुठे गेल्या. आम्ही कधी शेळ्या पाळल्या नाहीत. सगळं तिच्यासारखं बोलतात, चौकातल्या घरात बसून. शेजारी ऐकायला येतात. मला राग यायला हवा तुमचा. येतोही. पण घरी गेले की ते बोलत असतात."

पर्स तशीच बंद ठेवून गेली. तक्रार फाडली, असं काही म्हणाली नाही.

मी खोलीत बसून राहिले. मला इतका संताप कधीच आला नव्हता. मी त्याला गावासमोर उघडा पाडायला गेले आणि त्याच्या तोंडात त्याची आई परत घालून आले. टाळ्या त्याला मिळाल्या. दोमीला काय मिळालं? चारशे एम्पानादा तळायला मिळाल्या.

२२ सप्टेंबर

तो आला. मी दार लावून घेतलं आणि सांगितलं. मी कोण, कुठली, दोमितिला यापुरा कोण, गारा, पन्नास टाळ्या, सगळं. माझं बें-बेंसुद्धा. तो नीट ऐकत होता.

"घंटा," तो म्हणाला.

"हो, घंटा. दोमितिला आठवते?"

त्यानं डोळे मिटले. "पोरं. खूप पोरं." म्हणजे आठवत नाही. ती एकटी होती असंही नाही. मला वाटलं, टेबल उलटं करावं.

मग छातीवर डावा हात आपटून म्हणाला, "घंटा. मी. आधी."

"काय आधी?"

"मी. आधी." आणि हात मानेकडे.

शब्दांचा क्रम अजून फार विस्कटलेला आहे. पुढच्या महिन्यात वाक्यरचनेवर काम करायला हवं.

जायच्या आधी मी सांगितलं, "मास्तर, एक शब्द तुम्ही आता शिकणार आहात. आणि तो तुम्ही तिच्यासमोर जाऊन म्हणणार आहात. त्याशिवाय मी तुम्हाला दुसरं काही शिकवणार नाही." ही धमकी होती. दवाखान्यात कुणी ऐकली असती तर मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं. त्यानं मान हलवली.

८ ऑक्टोबर

पेर्दोऽनेमे. मला माफ करा. आधी धातू, मग आज्ञेचं रूप, आणि 'मला' मागून चिकटलेलं. शेपूट वाढलं तरी जोर आपली जागा सोडत नाही, म्हणून चार ठोके आणि मोठा दुसऱ्यावर. लिहिताना तिथे वर तिरकी रेघ द्यावी लागते, मुलं हमखास विसरतात.

हे त्याला जड जातंय. 'पेर' येतं, 'दो' येतं, पुढे घसरतो. मी आधी म्हणते, मग तो. आज चाळीस वेळा म्हटलं. आठनंतर थांबवायचं, हे त्याच्यासाठी मी आता पाळते, पण आज तोच थांबेना. माझ्या हातावर हात आपटून म्हणायचा, पुन्हा.

घरी भाकरी भाजताना माझ्या तोंडात तोच शब्द चालू होता.

१८ ऑक्टोबर, रविवार

खानावळ दुपारी बंद असते. दोमीला मी काही सांगितलं नव्हतं, फक्त म्हटलं खानावळीतच थांब. मिर्तानं मास्तरांना दारापर्यंत सोडलं आणि ती गाडीतच बसली.

दोमी ओट्याशी होती. वळली, हात पुसले. मास्तर काठीवर उभे राहिले. त्यांनी टाय घातला होता, पण गाठ सैल होती, बहुधा स्वतःच बांधलेली, एका हातानं.

त्यांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली, म्हणजे हात मोकळा होईल. मांडीवर चार ठोके दिले.

"पेर्दोनेमेऽ."

जोर पार शेवटी, शेपटावर. डोंगरात असंच म्हणतात. महिनाभराची मेहनत वाया. मी पुढे सरकले, "मास्तर, दुसऱ्यावर, पुन्हा…"

"राहू दे," दोमी म्हणाली. "ऐकलं मी."

चुलीवर भांडं उकळत होतं. तिनं आच कमी केली. मग त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. त्यांच्या खांद्याला लागते ती जेमतेम.

"मास्तर, मी बाराव्या वर्षी लोकांची धुणी धुवायला लागले. मला बसची पाटी वाचता येत नाही, रंगावरून ओळखते. मी नाही माफ करत तुम्हाला."

त्यांनी मान खाली घातली.

"कळलं का? नाही करत."

"कळलं," मास्तर म्हणाले.

"मग बसा आता. उभे कशाला? पाय दुखेल." खुर्ची ओढून दिली. ताट वाढलं, मांसाचे तुकडे बारीक करून, कारण डाव्या हातानं कापता येत नाही. ते जेवले. अर्धं सांडलं. ती समोर बसून बघत होती, चेहऱ्यावर काही नाही. मी भिंतीशी उभी. मला कुणी बसायला सांगितलं नाही.

जेवण झाल्यावर दोमी म्हणाली, "पुढच्या रविवारी या. मी परत नाहीच म्हणेन. त्याच्या पुढच्या रविवारीही. किती रविवार लागतील मला माहीत नाही. याल?"

मास्तरांनी विचार केला. ओठ जुळवले, थांबले, पुन्हा जुळवले. मला वाटलं, ठोका द्यावा. दिला नाही.

"येईन," ते म्हणाले.

भविष्यकाळाचं रूप. जोर शेवटच्या अक्षरावर, तिथेच हवा तो. हे मी शिकवलेलं नाही.

मिर्ता त्यांना घेऊन गेली. दोमीनं दार लावलं आणि माझ्याकडे बघितलं, अकरा सप्टेंबरला बघितलं होतं तसंच. मी तोंड उघडलं. महिनाभर रोज म्हणत असलेला शब्द, त्याचं पहिलं अक्षरही निघेना.

"तुझं सावकाश होऊ दे," ती म्हणाली. "आधी भांडी घास."

मी भांडी घासली.